मुंबईची तहान आणि मुंबईची दाटी

टॉमस रॉबर्ट माल्थस या इंग्रज पाद्र्याने १७९८ साली लोकसंख्येवरील आपला सुप्रसिद्ध निबंध निनावी छापून काढला, तेव्हा साऱ्या पृथ्वीच्या पाठीवर मिळून शंभर कोटी माणसेदेखील नव्हती. तरीही माणसे भूमितिश्रेणीने वाढत जातात आणि अन्न मात्र गणितश्रेणीने वाढते, म्हणून दारिद्र्य, रोगराई आणि दुष्काळ हे मनुष्यजातीच्या पाठीस कायमचे लागलेले आहेत, या त्याच्या प्रतिपादनाने युरोपातील विचारवंतांत मोठी खळबळ उडाली. या माल्थसाचा आपल्या देशाशी आलेला संबंध मात्र फारसा सांगितला जात नाही. १८०५ पासून १८३४ साली मृत्यू येईपर्यंत तो ईस्ट इंडिया कंपनीच्या, पुढे हेलीबरीचे म्हणून नावाजलेल्या, कॉलेजात इतिहास व अर्थशास्त्र शिकवीत होता, आणि हिंदुस्थानात कलेक्टर, जज्ज व सेक्रेटरी म्हणून येणारे कंपनीचे तरुण मुलकी नोकर याच कॉलेजाच्या बाकांवरून उठून गलबतावर चढत असत. गरिबांची संख्या वाढली की टंचाई ही यायचीच, हा समज त्यांच्यापैकी पुष्कळांनी अशा रीतीने शिदोरीसारखा बरोबर आणला होता.

त्यांच्या अंमलाखालची मुंबई याच काळात झपाट्याने वाढत होती, आणि माणसांच्या वाढीचे परिणाम काय होतात याचा पाठ तीही देत होती. फक्त तो गुरुजींच्या पुस्तकातल्यासारखा नव्हता. मुंबईत धान्य कधी संपले नाही, कारण धान्य गलबतांनी येई आणि पुढे आगगाडीनेही येऊ लागले. मुंबईत संपले ते पाणी. पाणी आणल्यावर सांडपाणी टाकायला जागा उरली नाही. आणि अखेर माणसाला पाठ टेकायलाही जागा उरली नाही. या तिन्ही टंचाया एकापाठोपाठ एक आणि बहुतांशी एकीच्या निवारणातूनच दुसरी, अशा कशा उद्भवल्या, हे पाहण्यासारखे आहे.

पोर्तुगीज राजकन्येच्या आंदणात इंग्रजांकडे आलेली ही बेटे १६६१ साली जेमतेम दहा हजार वस्तीची होती, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. १७८० साली केलेल्या मोजणीत वस्ती १,१३,७२६ भरली आणि १८४९ साली पोलीस खात्याने केलेल्या मोजणीत ५,६६,११९. आजच्या अर्थाने या शिरगणत्या काटेकोर नव्हत्या, पण वाढीची दिशा त्यांवरून निःसंशय कळते. देशावरील लढायांच्या धामधुमीत मुंबईचा किल्ला व्यापाऱ्यांना सुरक्षित वाटे. अफू आणि कापूस यांचा चीनशी चालणारा व्यापार भरभराटीस आलेला होता. आणि १८०३ सालासारखा दुष्काळ देशावर व कोकणात पडला की हजारो कंगाल माणसे पोटाच्या ओढीने बंदरावर येत आणि त्यांतील बरीचशी परत जात नसत.

एवढ्या माणसांना पाणी पुरविणारी व्यवस्था मात्र एखाद्या मोठ्या खेड्याला शोभेल अशीच होती. बेटाची जमीन खारी, बऱ्याच भागात समुद्रातून उचललेली, आणि नदी म्हणावी अशी एकही नाही. पावसाळ्याचे चार महिने आभाळ फाटल्यासारखे कोसळणारे पाणी गटारांतून समुद्राला मिळे व उरलेले आठ महिने विहिरी आणि तळी यांवर गुजराण चाले. विहिरी बहुधा खाजगी, वाडीच्या मालकाच्या किंवा देवस्थानाच्या. त्यांच्यावर कोणी घागर बुडवावी आणि कोणी बुडवू नये याचे जातिपरत्वे निर्बंध ठरलेले. श्रीमंत घरी भिस्ती पखालीने पाणी घाली, नाहीतर गडी कावडीने आणून देई. गरिबाच्या घरची बाई पहाटेपासून तळ्याच्या पायऱ्यांवर ताटकळे, आणि त्याच तळ्यात बाजूला कपडे धुणे व जनावरे पाजणे चाललेले असे. तळी बांधली ती धर्मादायातून. कावसजी पटेल यांचे तळे, धोबी तलावाजवळचे फ्रामजी कावसजींचे तळे, मुंबादेवीचे, गवालिया टँक, बाबुला टँक, दोन टाकी ही सारी त्या व्यवस्थेची ठिकाणे. पाणपोई घालणे हे पुण्यकर्म असल्यामुळे शेठ लोक त्यात मागे राहिले नाहीत. पण लाखो माणसांचे शहर पुण्यकर्मावर चालत नाही, हे एक-दोन मृगनक्षत्रे कोरडी जाताच उघड होई.

१८५० नंतरच्या दशकात तसेच झाले. पावसाने ओढ दिली, विहिरींचे तळ दिसू लागले, आणि सरकारला साष्टीकडून होड्यांनी व नव्यानेच धावू लागलेल्या आगगाडीने पाणी आणून शहरातील विहिरींत ओतण्याची पाळी आली. पाण्यातला वाटा कमी व्हावा म्हणून गुरेदेखील शहराबाहेर हलविण्यात आली. १८५३ सालच्या एप्रिलात बोरीबंदराहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीचे कौतुक आपण अजून करतो. तिच्या पाठोपाठच्या उन्हाळ्यांत त्याच रुळांवरून पाण्याची पिंपे आली, याची आठवण क्वचितच कोणी काढतो.

या संकटातून विहार तलावाची योजना पुढे आली. तिचा पुरस्कर्ता हेन्री कॉनिबेअर हा हरहुन्नरी इंजिनिअर होता. कुलाब्याच्या अफगाण चर्चचा आराखडाही त्याचाच, आणि १८५२ साली त्याने मुंबईच्या आरोग्याविषयी लिहिलेला अहवाल आजही वाचवत नाही इतका स्पष्ट आहे. साष्टीतील मिठी नदीच्या खोऱ्यात बांध घालून पावसाचे पाणी अडवावे आणि लोखंडी नळांतून केवळ उताराच्या जोरावर ते शहरात आणावे, असा त्याचा बेत होता. १८५६ साली काम सुरू झाले व १८६० साली विहारचे पाणी मुंबईत खेळू लागले. दिवसाला सत्तर लाख गॅलन, म्हणजे सुमारे तीन कोटी वीस लाख लिटर, एवढा हा पुरवठा होता, आणि हिंदुस्थानातील एखाद्या मोठ्या शहराला दूरच्या तलावातून नळाने पाणी देण्याच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले, ते नेमके या नव्या नळांच्या आणि जुन्या तळ्यांच्या सांध्यावर.

सत्तर लाख गॅलन पुरतील, हा हिशेब मात्र पाणी येऊन स्थिरावण्यापूर्वीच चुकला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाड-खानदेश-गुजराथच्या कापसाला असा काही भाव आला की मुंबईत सोन्याचा पाऊस पडू लागला. बँका, रेक्लमेशन कंपन्या आणि शेअर यांची साथच आली. आणि त्या पैशामागोमाग गवंडी, हमाल, कारकून, दलाल, घोडेवाले अशी माणसांचीही लाट आली. १८६४ च्या फेब्रुवारीत मुंबईची पहिली रीतसर शिरगणती झाली तेव्हा आकडा ८,१६,५६२ निघाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील युद्ध थांबले, कापसाचे भाव कोसळले, बड्या बड्या पेढ्यांचे दिवाळे वाजले, आणि १८७२ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ६,४४,४०५ वर उतरली. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसे कमी झाली, ती काही मेली नव्हती. काम संपताच ती आपापल्या मुलुखाला निघून गेली होती. मुंबईची लोकसंख्या पाळण्यात वाढत नसून बाजारात वाढते, हा धडा त्या दोन आकड्यांत इतका स्पष्ट लिहिलेला होता की तो कोणाच्या ध्यानी कसा आला नाही याचे नवल वाटते.

विहारच्या पाण्याचा पहिला गुण चटकन दिसला. तळ्यांचे गढूळ पाणी पिण्याचे कमी होताच पटकीचा जोर ओसरू लागला. परंतु आरोग्यखात्याचे अंमलदार काही वर्षांतच तापाच्या वाढत्या मृत्युसंख्येकडे बोट दाखवू लागले, आणि त्याचे कारण त्यांनी दिले ते असे की शहरात पाणी आणले, पण ते बाहेर नेण्याची तजवीज केली नाही.

हे नीट समजण्यासाठी त्या काळच्या एखाद्या चाळीच्या मागील बाजूस जायला हवे. दोन इमारतींच्या पाठी एकमेकींना लागून, मध्ये दोन-तीन हातांची एक बोळ. तिला घरगल्ली म्हणत. दोन्हीकडच्या सगळ्या मजल्यांवरच्या मोऱ्यांचे पाणी भिंतीवरून किंवा फुटक्या पन्हळींतून या घरगल्लीत पडे. शौचकूपांच्या टोपल्याही हिच्यातच; हलालखोर मागल्या दाराने येऊन त्या डोक्यावरून उचलून नेत, आणि या कामासाठी म्युनिसिपालिटी घरमालकांकडून हलालखोर-पट्टी वसूल करी. विहिरीच्या जमान्यात माणूस मोजकेच पाणी वापरी, म्हणून घरगल्लीतील घाण निदान सुकत तरी असे. नळाचे पाणी आल्यावर ती सुकेना. ती झिरपू लागली. शहराचा मधला भाग मुळातच समुद्र हटवून केलेला, भरतीच्या पाण्याच्या पातळीखालचा. वरळीकडे जाणाऱ्या मोठ्या गटाराला उतार जवळजवळ नाहीच. त्यामुळे कामाठीपुऱ्यापासून पुढचा सखल प्रदेश ओल्या स्पंजासारखा भिजून राहिला.

भुयारी गटारांच्या योजना कागदावर पुष्कळ झाल्या. वरळीला लव्ह ग्रोव्हचे पंपिंग स्टेशन उभे राहिले, काही विभागांत गटारे खणली गेली. पण जिथे दाटी सर्वांत अधिक त्या वस्त्यांत काम वर्षानुवर्षे रेंगाळले. कारण शोधायला लांब जायला नको. मुंबई म्युनिसिपालिटीत १८७२ नंतर निवडणुकीचे तत्त्व आले, पण मत होते ते करदात्यांना. आणि करदाते म्हणजे मुख्यतः घरमालक. गटारासाठी पट्टी वाढली की ती त्यांच्या खिशातून जाणार, आणि गटाराचा फायदा होणार तो भाडेकऱ्याला, ज्याला मतच नाही. कंजूषपणाचा दोष एकेका माणसाला देण्यात अर्थ नाही. तो त्या घटनेतच विणलेला होता. पाण्याची गोष्ट मात्र निराळी होती, कारण पाण्याची गरज मालकालाही होती. म्हणून १८७९ साली तुळशी तलावाचे काम पुरे झाले, आणि विहारचे पाणी ज्या उंचीवर पोचत नव्हते त्या मलबार हिलवर त्याने बंगले ओले झाले. तेथील जलाशयावर छत घालून १८८१ साली जी बाग केली ती आजची हँगिंग गार्डन. १८९२ साली तर शहापूर तालुक्यातील तानसा नदीवर पावणेदोन मैल लांबीचा, ११८ फूट उंचीचा दगडी बांध पुरा होऊन व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाऊन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, आणि पन्नासहून अधिक मैलांवरचे पाणी नळांतून खळखळत मुंबईत आले. त्या प्रसंगी झालेल्या आनंदाला खोटे म्हणण्याचे कारण नाही. बांधकाम खरोखरच अचाट होते. परंतु शहराच्या भिजलेल्या पोटात आणखी पाणी ओतले गेले, हेही तितकेच खरे.

दरम्यान गिरण्या आल्या होत्या. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या पहिल्या गिरणीपासून शतक संपेपर्यंत त्यांची संख्या ऐंशीच्या घरात गेली आणि त्यांत सत्तर हजारांवर कामगार राबू लागले. रत्नागिरी जिल्ह्यातील खोताच्या जमिनीत दोन भावांचे पोट भरेना म्हणून धाकटा मुंबईला येई. सातारा व पुण्याकडून सावकाराच्या व्याजाने पिचलेला कुणबी येई. गोव्यातील खलाशी धोबी तलावाच्या आसपास आपल्या गावाच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, उतरे. गिरणीच्या भोंग्यापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरातच राहणे भाग, कारण ट्रामचे भाडे परवडणारे नव्हते. तेव्हा गिरणगावात दहा फूट बाय बारा फुटांच्या खोल्यांच्या रांगा उठल्या, आणि एकेका खोलीत एक कुटुंब व त्याच्या आश्रयाने गावाकडचे चार-सहा पुरुष राहू लागले. वळकट्या भिंतीशी, ट्रंका माळ्यावर, शिंक्याला भाकरीचे गाठोडे. दिवसपाळीचा माणूस उठला की त्याच जागी दुसऱ्याने अंग टाकायचे. खानावळवालीकडे महिन्याचे पैसे भरले की दोन वेळच्या जेवणाची सोय होई, आणि उरलेले मनीऑर्डरने गावी जात. या खोल्यांचे भाडे मात्र जागेच्या मानाने मुंबईतील कुठल्याही बंगल्यापेक्षा कमी नव्हते. दाटी हा घरमालकाच्या दृष्टीने तोटा नव्हता, उत्पन्नाची बाब होती.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत गोदीजवळच्या धान्याच्या वखारींच्या आसपास काही विचित्र तापाचे रोगी डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांना आढळले. काखेत व जांघेत गाठ, भ्रम, आणि तीन-चार दिवसांत मृत्यू. हा गाठीचा प्लेग आहे, असे त्यांनी म्युनिसिपालिटीला निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. मराठी वैद्यांनी त्याला ग्रंथिक सन्निपात म्हटले. हाँगकाँगहून जहाजांबरोबर तो आला असावा, हा तर्क पुढे सर्वमान्य झाला. मांडवीतल्या वखारींत उंदीर मुबलक, वखारींना लागून माणसांच्या खोल्या, आणि खोल्यांत सूर्यप्रकाशाची तिरीपही नाही. रोगाला यापेक्षा सोयीची जागा शोधून सापडली नसती.

अधिकाऱ्यांनी रोगाचे मूळ घाणीत व ओलीत आहे असे धरून मोहीम काढली. समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक अ‍ॅसिड गटारांत सोडण्यात आले, आणि त्यामुळे उंदीर आपली बिळे सोडून शेजारच्या मोहल्ल्यांत पळाले असावेत. उंदरावरची पिसू हा रोग पसरविते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने सांगितले ते १८९८ साली. तोपर्यंत सारा लढा चुकीच्या शत्रूशी चाललेला होता. घरांची कौले काढून उजेड आत घेतला गेला, राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर इंग्रजी अक्षरांचे शिक्के बसले, रोग्यांना सक्तीने आर्थर रोडच्या इस्पितळात नेले जाऊ लागले. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, तिथे त्याच्या देहाचे काहीतरी करतात, अशी आवई उठली, आणि ऑक्टोबर अखेरीस सुमारे हजार गिरणी कामगारांनी इस्पितळावर चाल केली. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःलाच टोचून घेतली. परंतु लसीवर विश्वास बसण्याआधीच लोकांचा स्वतःच्या पायांवर विश्वास बसला होता. बोरीबंदराच्या फलाटांवर आणि कोकणच्या धक्क्यावर गर्दी उसळली. फेब्रुवारीपर्यंत शहरातील निम्म्याच्या जवळपास माणसे निघून गेल्याचा अंदाज आहे.

त्या रिकाम्या शहरात एक विलक्षण दृश्य दिसले. एरवी जॉबरच्या, म्हणजे मजूर भरती करणाऱ्या मुकादमाच्या, हातापाया पडून कामाला लागणारा गिरणी कामगार नाक्यावर उभा राही आणि दोन गिरण्यांचे लोक त्याच्यासाठी बोली लावीत. महिना-दीड महिना अडकवून ठेवलेली मजुरी रोजच्या रोज रोख मिळू लागली. माणसे कमी झाली की माणसाची किंमत वाढते, हा माल्थसाच्या शिष्यांना परिचित असलेला नियम मुंबईच्या मालकांना काही महिने स्वतःच्या तिजोरीतून शिकावा लागला. रोग ओसरताच लोक परतले, कारण १८९७ चा आणि पुढे १८९९-१९०० चा दुष्काळ गावाकडे त्यांची वाट पाहत होता, आणि नाक्यावरची बोली बंद झाली. १९०१ च्या शिरगणतीत मुंबई ७,७६,००६ वर आली होती. १९११ साली ती ९,७९,४४५ झाली. १८९६ पासूनच्या वीस-एक वर्षांत देशभर प्लेगने सुमारे एक कोटी माणसे नेली.

प्लेगने एक गोष्ट केली: गरिबाची खोली हा श्रीमंताच्याही जिवाचा प्रश्न आहे, हे सिद्ध केले. १८९८ च्या कायद्याने मुंबई इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट अस्तित्वात आला आणि त्याने दाट वस्तीतून रुंद रस्ते कापून समुद्राचा वारा आत आणण्याचा सपाटा लावला. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्यातलेच. ट्रस्टच्या हाती जमीन ताब्यात घेण्याचे जबर अधिकार होते. त्यांचा धडाका असा की पाडलेल्या खोल्या बांधलेल्यांहून अधिक झाल्या, आणि घर गमावलेला भाडेकरी दूरच्या नव्या चाळीत न जाता शेजारच्याच जुन्या चाळीत घुसून तिथली दाटी वाढवू लागला. दादर, माटुंगा, शीव येथे ट्रस्टने आखलेल्या वसाहती सुंदर झाल्या यात संशय नाही. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी यांची झाडांनी झाकलेली शांतता आजही कौतुकाची वाटते. पण मांडवीतल्या हमालाने तिथे बिऱ्हाड केले नाही. ट्रस्टने मजुरांसाठी बांधलेल्या परळच्या चाळीत मात्र दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची विद्यार्थिदशेतील व नंतरचीही बरीच वर्षे गेली.

याच सुमारास जुन्या विहिरींवरही संक्रांत आली. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९११ च्या अहवालात दाखवून दिले की शहरातील हिवतापाचे डास विहिरी आणि टाक्यांमध्येच वाढतात. विहिरी बुजवाव्या किंवा झाकाव्या असे हुकूम सुटताच धर्मकृत्याला वाहत्या झऱ्याचे पाणी लागते, म्हणून पारशी, जैन आणि हिंदू असे तिघेही अर्ज घेऊन म्युनिसिपालिटीच्या कचेरीत एकत्र उभे राहिले. मुंबईत हा योग दुर्मीळच. काही विहिरी झाकून वाचल्या. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर अजून आहे. बहुतेक तळी मात्र भरावाखाली गेली, आणि शहर आपल्या अंगणातल्या पाण्यावरचा हक्क सोडून दूरच्या तलावांवर विसंबून राहिले.

पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनी मोठा डाव टाकला. कापसाच्या गासडीमागे रुपयाची पट्टी बसवून १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट उभारण्यात आले, आणि मजुरांसाठी पन्नास हजार खोल्यांची घोषणा झाली. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी झाल्या. १६० चौरस फुटांची काँक्रीटची खोली आणि मजल्याच्या टोकाला सार्वजनिक शौचकूप, असा त्यांचा नमुना. भाडे मजुराला न परवडणारे, जागा गिरणीपासून दूर. त्यामुळे वरळीच्या चाळी वर्षानुवर्षे ओसाड राहिल्या आणि कायदेभंगाच्या चळवळीत सरकारने त्यांचा तुरुंगासारखा उपयोग केला. घरांची टंचाई असलेल्या शहरात घरे रिकामी राहतात आणि मग तिथे कैदी ठेवतात, यापेक्षा नियोजनाची कठोर टीका कोणी लिहू शकला नसता.

१९२१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ११,७५,९१४ भरली आणि तीत शंभरातली सुमारे चौऱ्याऐंशी माणसे मुंबईबाहेर जन्मलेली होती. नोंदींप्रमाणे या शहरात कित्येक वर्षे जन्मांपेक्षा मृत्यूच अधिक होत. अर्भकमृत्यूंचे प्रमाण तर काळीज चिरणारे. म्हणजे मुंबई स्वतःच्या पोटी वाढत नव्हती, ती खेड्यांची माणसे खात होती, आणि खेडी ती देत राहिली कारण तिथे जमिनीच्या वाटण्या होऊन होऊन वाफ्याएवढे तुकडे उरले होते. त्याच १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाच्या सल्ल्याचे केंद्र काढले, आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. गणिताच्या या प्राध्यापकाला त्यापायी नोकरी सोडावी लागली आणि अश्लीलतेचे खटलेही सोसावे लागले. बाईच्या आरोग्याचा आणि इच्छेचा विचार त्यांनी आकड्यांच्या आधी केला, म्हणून त्यांचे लेखन पुढच्या सरकारी प्रचारापेक्षा आजही ताजे वाटते. पण त्यांच्या केंद्रात येऊ शकणारी माणसे मूठभर होती. गिरणगावाची भरती त्यांच्या हातात नव्हती.

स्वातंत्र्यानंतर फाळणीचे निर्वासित आले, उपनगरे शहरात सामील झाली, आणि १९५१ साली बृहन्मुंबईच्या क्षेत्रातील वस्ती तीस लाखांच्या आसपास गेली. म्युनिसिपालिटीचे इंजिनिअर ना. वि. मोडक यांनी वैतरणा नदी अडविण्याची योजना तडीस नेली. तिच्या जलाशयाला त्यांचेच नाव आहे. मग १९७३ साली अप्पर वैतरणा, १९८१ साली भातसा, २०१४ साली मध्य वैतरणा, असे नळ लांबच लांब जात राहिले. प्रत्येक योजनेच्या वेळी आता पुढची पिढी निश्चिंत राहील असे सांगितले गेले.

येथे एक हिशेब मांडून पाहावा. विहारचे पाणी येऊन चार वर्षे झाली तेव्हा, १८६४ साली, सुमारे आठ लाख वस्तीला दिवसाकाठी तीन कोटी वीस लाख लिटर मिळत होते. २०११ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती १,२४,४२,३७३ होती, आणि पुरवठा आज रोज ३८० कोटी लिटरांच्या वर आहे. माणसे पंधरापट वाढली, पाणी शंभरपटीहून अधिक. माल्थसाला उलटे टांगणारी ही श्रेणी आहे. तरी टंचाई संपलेली नाही, कारण पाण्याची वाटणी माणसांच्या संख्येने होत नाही. झोपडपट्टीत राहणाऱ्या माणसाला दिवसाला ४५ लिटर आणि इमारतीत राहणाऱ्याला १३५ लिटर, असे महापालिकेचे मापच वर्षानुवर्षे होते. आणि शहरातील चाळीस टक्क्यांहून अधिक लोक पहिल्या मापात मोडत. नळांच्या गळतीत आणि चोरीत जाणारे पाणी वेगळेच.

आज जगातील निम्म्याहून अधिक माणसे शहरांत राहतात, आणि जगाची लोकसंख्या २०२२ सालच्या नोव्हेंबरात आठशे कोटींवर गेली. लागोस, ढाका, कराची ही शहरे थोड्याफार फरकाने याच वाटेने चालली आहेत. मुंबईच्या बाबतीत ही वाट शहापूर तालुक्यात जाऊन थांबते. तानसा तिथे आहे, भातसा तिथे आहे, आणि मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे एकट्या भातसाचे आहे. याच तालुक्यातील ठाकूर, वारली, कातकरी आणि महादेव कोळ्यांच्या पाड्यांवर मार्च उजाडला की विहिरी आटतात आणि पंचायत समितीकडून टँकरची मागणी जाते. मोठ्या नळाच्या कडेने राहणारी बाई डोंगरातल्या झऱ्यावर हंडा घेऊन जाते. जुन्या मुंबईत घरमालकाला मत होते आणि भाडेकऱ्याला नव्हते. आज शहापूरकराला मत आहे, पण ज्या महापालिकेच्या सभागृहात त्याच्या नदीचा निकाल लागतो तिथे ते चालत नाही. वाडा तालुक्यातील गारगाई नदीवर पुढचा बांध घालण्याचा महापालिकेचा प्रस्ताव आहे, आणि तिथल्या गावांनी आपल्या हरकती नोंदविल्या आहेत.